खांद्यावरची करकर

नेरळच्या माणसाला करकर नवी नाही. १९०७ साली अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी आमच्या स्टेशनातून माथेरानला दोन फुटी रुळांची गाडी सुरू केली, तेव्हा रूळ किती, डबे किती, कोळसा किती याचा हिशेब त्यांनी नक्कीच मांडला असणार. वळणावर चाकं जी किंचाळतात ती मात्र पदरची. गाडी जुम्मापट्टीच्या अंगाने डोंगर चढायला लागली की चाकांची कड रुळाला घासते आणि असा काही आवाज निघतो की पहिल्यांदा बसलेला पर्यटक समोरचा दांडा घट्ट धरतो. दुसऱ्या वळणावर तोच पर्यटक मोबाइल बाहेर काढून तो आवाज टिपतो. घरी नेऊन पाहुण्यांना ऐकवतो. तिकीट काढून, दोन-अडीच तास बसून, करकर विकत घेऊन जाणारी ही जमात आम्ही लहानपणापासून पाहतोय.

अशा गावात कुणाच्या गिटारचा पट्टा करकरतो ही तक्रार व्हावी हेच मुळात नवल. पण झाली, आणि ती माझ्या बहिणीच्या घरात झाली.

माझ्या भाच्याची नोकरी ठाण्याला. संध्याकाळच्या कर्जत लोकलमध्ये बदलापूर गेलं की त्याला बसायला मिळतं, आणि बसायला मिळालं की मनात गाणी येतात. ती रविवारी गॅलरीत बाहेर पडतात. नेरळला गिटार दुर्मीळ आहे असं नाही. पावसाळ्यात माथेरानच्या वाटेने चढणाऱ्या प्रत्येक घोळक्यात एक गिटार असते; ती वाजवणारा असतोच असं नाही. भाच्याची गिटार मात्र वाजते. तिच्यासोबत आलेला नायलॉनचा पट्टा मुकाट होता. नोकरी लागल्यावर त्याने मुंबईतल्या एका दुकानातून अस्सल चामड्याचा पट्टा आणला. दुहेरी चामडं, कडेने शिलाई, खांद्याला मऊ गादी, आणि लांबी कमी-जास्त करायला एका टोकाला जीभ. फुकटचा पट्टा कधी बोलला नाही. महागाने पहिल्याच रविवारी तोंड उघडलं.

भाचा सी कॉर्डवरून एफवर जाताना जरा पुढे झुकतो. एफ हा नवशिक्याचा कसारा घाट. तिथे इंजिन मागूनही लावावं लागतं. तो झुकला की पट्टा ताणला जातो आणि ‘कर्रर्र’ करतो. म्हणजे गाण्यातली हळवी जागा आली की करकर आलीच. पहिल्या दिवशी ताईने आतून ओरडून विचारलं, “कोण आलंय बघ रे, दार ढकलतंय कुणीतरी.”

एरवी हे चालून गेलं असतं. पण हल्ली गाणं म्हणण्यापेक्षा ते फोनवर घेण्याला महत्त्व. फोनचा माइक लबाड असतो. गाणं मोठं असेल तेव्हा तो आवाज आवरून धरतो, आणि मध्ये शांतता आली की त्याला वाटतं आता बारीकसं काही महत्त्वाचं येणार, म्हणून तो कान टवकारतो. नेमक्या त्या वेळी पट्टा बोलतो. भाच्याने मला एक रेकॉर्डिंग ऐकवलं. त्यात त्याचा आवाज ठीक होता, गिटार बरी होती, आणि पट्टा अप्रतिम आला होता.

करकरीमागचं शास्त्र तसं सोपं आहे. दोन कोरडे, गुळगुळीत पृष्ठभाग एकमेकांना चिकटून बसतात. ओढ वाढते, वाढते, आणि एकदम सुटते. सुटल्यावर पुन्हा चिकटतात, पुन्हा सुटतात. हे सगळं सेकंदात शेकडो वेळा. माथेरानच्या गाडीचं चाक वळणावर हेच करतं, आणि गंमत म्हणजे व्हायोलिनचा गजही हेच करतो. गज तारेला धरतो, ओढतो, सोडतो. पकड चांगली बसावी म्हणून वादक गजाला राळ चोळतात. हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात तारेची ही धरसोड नीट बघून लिहून ठेवली. त्यावरून हिशेब असा लागतो की आमच्या गॅलरीत भाचा गिटार वाजवत होता आणि त्याचा पट्टा व्हायोलिन. दोघांत सुरात कोण होतं हे मी सांगणार नाही. रविवारचं माझं जेवण त्या घरी असतं.

भावोजींना मात्र ही तक्रारच मंजूर नव्हती. भावोजी मूळचे कागल तालुक्यातले, रेल्वेच्या नोकरीने इकडे आले आणि निवृत्त होऊन नेरळला राहिले. पाय नेरळला असले तरी पायातली चप्पल कागलचीच. कागल तालुक्यात सेनापती कापशी नावाचं गाव आहे, आणि कापशी चप्पल म्हटली की त्या बाजूची माणसं खुर्चीत सरळ होऊन बसतात. तिथे करकर हा दोष नसून मुद्दाम मागून घ्यायचा माल आहे. आवाजाची चप्पल हवी असेल तर कारागीर तळाच्या थरांमध्ये ‘विंचू’ नावाची चीज घालतात. मग ती प्रत्येक पावलाला वाजते. कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत गिऱ्हाईक नवी चप्पल पायात घालून दुकानासमोर चार येरझाऱ्या घालतं ते माप बघायला, असं बाहेरच्यांना वाटतं. माप केव्हाच झालेलं असतं. ते आवाज ऐकत असतं.

“करकर येती म्हंजे चामडं खरं हाय लेका,” भावोजी म्हणाले. “आमच्याकडं त्याला जादा पैसे मोजत्यात. तू फुकटात मिळालेली घालवाय निघालास!”

त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. वाजणारी चप्पल हा पूर्वी घरातला हॉर्न होता. आजोबा वळणावर आले की आवाज यायचा, आणि ते उंबऱ्यापाशी पोचेपर्यंत पोरं पाढे म्हणायला लागलेली, गप्पा मारणाऱ्या सुना आत गेलेल्या, आणि पत्त्यांचा डाव सतरंजीखाली. कुणाला ओरडायची वेळच यायची नाही. तो आवाज काढून घेतला असता तर आजोबांना स्वतःच्याच घरात काय चाललंय ते कळलं असतं, आणि सगळ्यांचीच पंचाईत झाली असती.

२०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार, असं वाटून मिळालं. सीमावादात इतकी समसमान वाटणी दुसऱ्या कशाचीही झाली नसेल. पुढे २०२५च्या जूनमध्ये मिलानला प्राडाच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्याच चपला घालून मॉडेल चालले आणि आपल्याकडे गदारोळ झाला. श्रेय कुणाचं, किंमत किती, कारागिरांना काय मिळणार, सगळं विचारून झालं. भावोजींचा प्रश्न वेगळाच होता. टीव्हीला कान लावून ते म्हणाले, “वाजत न्हाईत.” त्यांच्यापुरता तो खटला तिथेच निकालात निघाला.

थोडक्यात, चामडं तेच आणि करकर तीच. पायात असली तर रुबाब, रुळावर असली तर पर्यटन, आणि खांद्यावर आली की बिघाड.

बिघाड म्हटला की नेरळमध्ये सल्ल्यांना तोटा नसतो. कुणी आजारी पडलं तर लोक एक वेळ डॉक्टरचं नाव सुचवून थांबतील. वस्तू आजारी पडली तर जो तो स्वतःच डॉक्टर. सुरुवात घरातून झाली. ताईने खोबरेल काढलं. खोबरेल हे तिच्या मते केसांना, बिजागरीला, शिलाई मशीनला आणि भाजलेल्या बोटाला चालतं, तर पट्ट्याला का नाही? तिने हात सैल सोडून चोळलं. करकर थांबली, आणि भाच्याच्या खांद्यावर तेलाचा असा डाग पडला की ऑफिसात त्याला कुणी विचारलं म्हणे, “अभ्यंग वगैरे?” शिवाय खोबरेल थंडीत थिजतं. डिसेंबरच्या सकाळी नेरळला बाटली उन्हात ठेवावी लागते तसा पट्टाही ठेवावा लागला. थिजलेल्या तेलावर गॅलरीतली धूळ बसली आणि करकर परत आली, या वेळी जरा खर्जात. यातला खरा धोका वेगळाच. चामडं तेल पिऊन मऊ पडलं की ज्या भोकात गिटारचं बटण अडकतं ते भोक सैल होतं, आणि एक दिवस भर गाण्यात गिटार वादकाला सोडून निघून जाते. करकरणारा पट्टा निदान धरून तरी ठेवतो.

मग भावोजींनी एरंडेल सुचवलं. त्यांच्या लहानपणी बैलगाडीच्या कण्याला वंगण घालायचे, मोटेच्या चामड्याला तेल पाजायचे, त्यामुळे तेल हे पाजायचंच असतं अशी त्यांची धारणा. पट्टा काही विहिरीत सोडायचा नाहीये, हे त्यांना पटवायला वेळ लागला. भाच्याने परदेशी उपाय शोधून आणला: नीट्सफूट ऑइल, खोगिरांना लावतात ते. ते गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढतात असं त्याने जेवताना सांगितलं आणि ताईने ते तेल घरात आणायचं नाही असं जाहीर केलं. चामडं तरी कुठल्या झाडाला लागतं, असं मी विचारणार होतो; पण ताट समोर होतं. आपल्याकडे चामडं दिवाणखान्यापर्यंत येतं आणि त्याचं तेल उंबऱ्यावर अडतं. ही सीमारेषा कुणी आखली ते ठाऊक नाही, पण ती सगळ्यांना दिसते.

खोगिराचा विषय निघालाच होता म्हणून मी माथेरानच्या दस्तुरीला घोडा घेऊन उभा राहणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला विचारलं. माथेरानवर मोटारींना बंदी, त्यामुळे तिथे चामड्याचा आवाज ऐकायला मिळतो तसा जिल्ह्यात कुठे मिळत नसेल. खोगीर करकरतं, रिकिबीची वादी करकरते, वर बसलेला पर्यटक कुरकुरतो. घोडा तेवढा गप्प. घोडेवाला म्हणाला, “खोगीर करकरतंय तोवर मी निवांत असतो. गप्प झालं की उतरवून तंग बघतो, सैल झाला असंल.” मला वाटतं निदानाची ही पद्धत जगात इतरत्र कुठे नसावी. पण सिनेमावाल्यांनाही खोगीर करकरतं तेव्हाच खरं वाटतं. पडद्यावर घोडेस्वार येतो तेव्हा आपण जी करकर ऐकतो ती बऱ्याचदा स्टुडिओत बसलेला एखादा माणूस जुनं चामड्याचं पाकीट पिळून काढत असतो. तोच माणूस चामड्याच्या पिशवीत कॉर्नफ्लॉर भरून दाबतो आणि नायकाची पावलं बर्फात रुततात. एवढा गुणी पट्टा भाच्याच्या खांद्यावर वाया चालला होता, हे मी त्याला सांगून पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर कृतज्ञता दिसली नाही.

सगळ्यात कडक निकाल कर्जत लोकलमधल्या भजनी मंडळाने दिला. ही मंडळी डब्याच्या ठरलेल्या कोपऱ्यात टाळ, ढोलकी घेऊन उभी असतात, आणि कल्याणच्या गर्दीतही ढोलकीला कोपर लागू देत नाहीत. त्यांच्या ढोलकीला सुती पट्टा. भाच्याने आपली व्यथा सांगितल्यावर ढोलकीवाल्या बुवांनी त्याच्या पट्ट्याकडे क्षणभर पाहिलं. म्हणाले, “चामडं वाजवायचं असतं बाळा, लटकवायचं नसतं. तू उलटं धरलंयस.” आणि वांगणी येईपर्यंत त्यांनी पुढचा अभंग सुरूही केला.

शेवटी स्टेशनजवळ, पत्र्याच्या आडोशाला बसून चपला-बुटांना टाके घालणाऱ्या मामांकडे आम्ही गेलो. पावसाळ्यात ते छत्र्याही करतात, त्यामुळे नेरळची निम्मी अब्रू त्यांच्या हातून जाते. त्यांनी पट्टा हातात घेतला. उलटा केला.

“हे गळ्यात घालून काय करता?”

“गिटार वाजवतो.”

“मग करकर कशाची घालवायची, गिटारीची का पट्ट्याची?”

भाच्याने पट्ट्याची म्हटल्यावर त्यांनी समोरची सँडल बाजूला ठेवली आणि पट्टा कानाजवळ नेऊन एकेक वीत दुमडायला सुरुवात केली. इतके दिवस आम्ही सगळे पट्टा करकरतो असं म्हणत होतो. पट्टा कुठे करकरतो हे कुणी विचारलं नव्हतं. खांद्याची गादी, जिला ताईने बाटलीभर तेल पाजलं होतं, ती निर्दोष निघाली. शिलाई निर्दोष. आवाज दोन ठिकाणचा होता. एक, बटण अडकवायच्या भोकाशी. दुसरा आणि मोठा, जिथे जीभ फटीतून ओवून परत पट्ट्यावर वळवली होती तिथे. भाचा उंचीने बेताचा, त्यामुळे पट्टा आखूड केलेला, त्यामुळे जिभेचं लांबलचक शेपूट पट्ट्याच्या पाठीला घासत होतं.

मामांनी कारण सांगितलं ते हेल्महोल्ट्झपेक्षा थोडक्यात. चामड्याला पाठ असते आणि पोट असतं. पाठ गुळगुळीत, त्यात कारखान्यातल्या मालाला वरून चकचकीत लेप, पोट केसाळ. “पाठीला पाठ घासली की वाजणार. पाठीला पोट लागलं की गप्प.” त्यांनी जीभ काढली, फिरवून अशी ओवली की तिचं पोट पट्ट्याच्या पाठीवर आलं. शेपटाचं जास्तीचं टोक रापीने उडवलं. ओल्या फडक्याने ताईचं तेल आणि गॅलरीची धूळ पुसली, भोकाच्या कडांना मेणाचा खडा फिरवला आणि बजावलं की सावलीतच वाळवा. उन्हात किंवा गॅसजवळ वाळवलेलं चामडं कडक होतं आणि मग त्याला तडे जातात. राहिलीसाहिली करकर घालवायला दोन थरांमध्ये पावडर मारा, म्हणाले.

पैसे विचारले. “पन्नास.”

“एवढे? टाका तर एकही घातला नाही.”

“टाक्याचे वीस असतात. हे ऐकायचे.”

यावर वाद घालता येईना. मुंबईत ऐकण्याचे याहून कितीतरी जास्त घेतात, आणि तेही आडवं झोपवून.

पावडर ताईच्या कपाटात होती, पण तिला मोगऱ्याचा वास, आणि भाचा म्हणाला की मोगऱ्याच्या वासात ब्लूज वाजत नाही. म्हणून गल्लीतल्या कॅरम क्लबातून बोरिक पावडरचा डबा आणला. बोरिक पावडर ही आपल्या संस्कृतीतली फार सोशिक वस्तू: वर सोंगटी सरकते, खाली ओट्यामागे कणकेच्या गोळीतून झुरळं मरतात, आणि दोन्हीकडे ती कुणाला उपकार बोलून दाखवत नाही. चिमूटभर पावडर जिभेखाली, चिमूटभर भोकाशी. राळ चोळली तर पकड वाढते, पावडर मारली तर सुटते; व्हायोलिन बंद करायचं असेल तर एवढंच करायचं असतं. सोमवारी भाचा थेट मित्राकडे वाजवायला जायचं म्हणून काळा शर्ट घालून गिटारसकट लोकलमध्ये चढला. उतरताना त्याच्या खांद्यावर पांढरा पट्टा उमटला होता. शेजारच्याने आपुलकीने विचारलं, “सिंगल्स का डबल्स?”

पण करकर गेली. झुकून बघितलं, एफ धरून बघितला, उडी मारून बघितलं. पट्टा चकार शब्द बोलेना. फोनवर गाणं घेतलं तर त्यात फक्त गाणं आलं. ताईला आनंद झाला, भाचा दोन दिवस हवेत होता, आणि क्लबच्या पोरांनी डबा परत घेताना तो हलवून बघितला तेवढंच. गप्प होते ते एकटे भावोजी. जेवताना त्यांनी विचारलं, “त्या मामांनी कापलेला तुकडा कुठं हाय?”

तुकडा भाच्याच्या खिशात होता. दोन बोटं रुंद, पाठीवर चकचकीत लेप असलेला. भावोजींनी तो उलटसुलट करून बघितला, अंगठ्याने चोळला, कानाला लावला. दुसऱ्या दिवशी आपली कापशी चप्पल आणि तो तुकडा घेऊन ते स्टेशनकडे गेले. चपलेचा आवाज तळ झिजल्यापासून बसला होता, हे आम्हाला तेव्हा कळलं. मामांनी तळ उसवला, दोन थरांमध्ये पाठीला पाठ लावून तो तुकडा बसवला, आणि या वेळी टाक्यांचे पैसे वेगळे घेतले, वाजवण्याचे वेगळे.

आता त्या घरात रविवारी भाचा गॅलरीत फोन लावून बसतो, पट्टा मुका, गिटार सुरात, एफसुद्धा हल्ली बरा लागतो. तेवढ्यात आतल्या खोलीतून गॅलरीपर्यंत आणि गॅलरीतून परत आतल्या खोलीपर्यंत एक करकर ठाय लयीत फेऱ्या घालत जाते. रेकॉर्डिंगमध्ये ती फार सुरेख येते. त्याबद्दल बोलायची मात्र त्या घरात कुणाची टाप नाही.